फोटोमागची भिंत

४ सप्टेंबर

पक्कड म्हणाला, "तू मला दिवसभर जे लांबलचक मेसेज पाठवतेस ना, ते एखाद्या वहीत लिहीत जा. मी त्यातलं कामाचं तेवढं वाचतो, बाकीचं फुकट जातं." म्हणून ही वही. बाकीच्यासाठी.

पक्कड म्हणजे माझा भागीदार. कॉलेजात असताना त्याच्या मागच्या खिशात कायम पक्कड असायची, तेव्हापासून हेच नाव. आता त्या खिशात तान्ह्या लेकीचं लाळेरं असतं. आमच्या धंद्यात माणसं दोनच. त्याने प्रोग्रॅम लिहायचा आणि मी गिऱ्हाइकं सांभाळायची.

काम सांगायला सोपं आहे. एक भलीमोठी ऑनलाइन बाजारपेठ आहे, तिच्यावर घरबसल्या वस्तू विकणाऱ्यांची असंख्य छोटी दुकानं. कुणी पिशव्या विकतं, कुणी कानातली, कुणी मातीचे कप. ही मंडळी फोटो घरातच काढतात. त्यामुळे पिशवीमागे वाळत घातलेले टॉवेल आणि कपामागे कुणाचा तरी अनवाणी पाय. आमचा प्रोग्रॅम ते मागचं सगळं काढून टाकतो. वस्तू राहते, पाय जातो, मागे पांढरंशुभ्र. दुकानवाले त्याची महिन्याला थोडी वर्गणी देतात आणि त्यावर दोघांचं व्यवस्थित चालतं.

बाजारपेठेला आम्ही 'थोरली' म्हणतो. थोरल्या जावेच्या स्वयंपाकघरात, एका कोपऱ्यात आपली शेगडी मांडून बसावं तसं आमचं आहे. छप्पर तिचं, ओटा तिचा, येणारी-जाणारी माणसंही तिचीच. आपण तिच्या पायात यायचं नाही आणि भांडी फार वाजवायची नाहीत. आजवर हे झकास जमलंय.

९ सप्टेंबर

माझी खोली हेच ऑफिस. भिंतीला लागून दोन टेबलं, दोन खुर्च्या. पूर्वी पक्कड रोज यायचा. लग्न झालं, लेक झाली, तो दुसऱ्या गावी गेला आणि आता पडद्यावर दिसतो. त्याच्या खुर्चीवर मी धुतलेले कपडे टाकते. घड्या घालायचा कंटाळा आला की खुर्ची भरते आणि जरा कुणी बसल्यासारखं वाटतं.

दुपारी बाबांचा फोन आला. बाबा जन्मभर तार कचेरीत होते. शब्दाला पैसे पडतात या हिशेबाने बोलायची सवय अजून गेली नाही. म्हणाले, "आईची लोकर. पेटीभर आहे. काय करू?"

आईला जाऊन दोन वर्षं झाली. मी म्हटलं, "देऊन टाका कुणाला तरी."

"कुणाला?"

तेवढ्यात कॉम्प्युटरची घंटा वाजली. गिऱ्हाइकाचं पत्र आलं की ती वाजते, आणि तासाच्या आत उत्तर द्यायचं हा आमचा नियम आहे. म्हटलं, "बाबा, काम आलंय, मग करते." असे 'मग' मागच्या महिन्यापासून साठत चाललेत.

१६ सप्टेंबर

नवीन दुकान जोडलं गेलं. नाव 'दोन सुया'. विणलेल्या वस्तू. पहिला फोटो एका मोज्याचा. एकाच! जोडीतला दुसरा बहुधा अजून सुयांवर असावा. आमच्या प्रोग्रॅमने कापून पांढऱ्यावर ठेवलेला मोजा मी पाहिला. टाच कुठे आणि चवडा कुठे हे विणणाऱ्यालाही नक्की माहीत नसावं.

सोबत पत्र: "मोजा पाठविला आहे. पाहावा. नीट दिसतो का कळवावे. जेवण झाले का."

कुणी आजी असणार. घरातल्या सुनेने दुकान उघडून दिलं असेल आणि आजी एका बोटाने टाइप करत असतील. मी आमचं ठरलेलं उत्तर पाठवलं, 'आदरणीय ग्राहक' वगैरे, आणि शेवटी नियमात नसलेलं एक वाक्य घातलं: "हो, झालं जेवण."

झालं नव्हतं. पण लिहिल्यावर उठून जेवले.

२५ सप्टेंबर

बाबांचा फोन आला तेव्हा मी पक्कडशी बोलत होते. उचलला नाही. थोड्याच वेळात मोजेवाल्या आजींचं पत्र. मी त्यांना आता मोजेवाल्या आजीच म्हणते.

"प्रत्येक फोटो माणूस डोळ्यांनी पाहतो असे आपल्या पानावर लिहिले आहे. खरे का. मूळ फोटो पाहतो की नंतरचा."

ते वाक्य माझंच आहे. सुरुवातीला ते शंभर टक्के खरं होतं. तेव्हा प्रोग्रॅम कच्चा होता, बाहुलीचे केस कापायचा आणि किटलीची दांडी खायचा. मी एकेक मूळ फोटो उघडून बघायची. कितीतरी लोकांची घरं मला पाठ झाली होती. एका बाईंच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर महिनोन्महिने उलटलंच नव्हतं, तर मी त्यांना तसं कळवलंही होतं. मग पक्कडने प्रोग्रॅम सुधारला, तो चुकेनासा झाला आणि मूळ फोटो उघडायची गरज उरली नाही. वाक्य पानावर राहून गेलं. ते वाचून लोक येतात, मग काढायचं कशाला?

आजींना तयार उत्तर पाठवलं: "होय, मूळ फोटो आमच्याकडे माणूस स्वतः पाहतो."

त्यांचं लगेच उत्तर: "मग ठीक. आता मन लावून काढीन."

३ ऑक्टोबर

आजींचा प्रश्न: "रंग बरा वाटतो का. की गडद हवा."

मोजा फिकट पिवळा होता आणि पांढऱ्यावर अगदीच विरून जात होता. लिहिलं, "थोडा गडद चालेल. उठून दिसेल."

संध्याकाळी बाबांचा फोन घेतला एकदाचा. मी एकीकडे वर्गणीची पत्रं पाठवत होते. ते कसल्या तरी रंगाबद्दल बोलत होते. घराला रंग काढलाय वाटतं या वयात. "पाहिलास ना?" म्हणाले. मला वाटलं काहीतरी फॉरवर्ड केलं असेल. म्हटलं, "हो हो, पाहिला. छान."

"छान ना?" इतके खूश झाले की मलाच चुकल्यासारखं झालं. ते फॉरवर्ड नंतर शोधलं, सापडलं नाही.

१० ऑक्टोबर

आजी: "गडद केला. दोन हात दिले. पाहावा."

दोन हातांनीच विणतात ना सगळे? मोजा मला पहिल्यासारखाच फिकट दिसला. पण म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा. लिहिलं, "आता एकदम छान दिसतंय."

मग पुढचा प्रश्न: "कोठे ठेवावे. उजवीकडे की डावीकडे."

हा प्रश्न सगळेच विचारतात. वस्तू फोटोच्या कडेला आली की कापली जाते. माझं उत्तर पाठ आहे: "मधोमध ठेवा. कडेला काही ठेवू नका."

१३ ऑक्टोबर

आज मी एकटीच खो-खो हसले. आजींनी मफलरचा फोटो पाठवला होता. तो बहुतेक कुणाच्या तरी गळ्यात घालून काढला असणार, कारण प्रोग्रॅमने माणूस काढून टाकला आणि नुसता मफलर ठेवला. मफलर हवेत गोल उभा, आत गळा नाही, वर डोकं नाही. पक्कडला पाठवला. तो म्हणाला, "बघ, किती सफाईदार कापतो आपला गडी!"

आजींनी लिहिलं: "मफलर आला. बाकीचे गेले. असो. तुम्ही मूळ पाहिला असेलच."

मी लिहिलं, "हो, पाहिला. सुंदर आहे."

आणि वर: "मधोमध ठेवले. येता-जाता गुडघ्याला लागते. सवय होईल."

गुडघ्याला काय लागतं देव जाणे. लोकरीची टोपली असेल. मी लिहिलं, "जपून." हे असं कुणाला 'जपून' म्हणायला बरं वाटतं.

२० ऑक्टोबर

थोरलीने जाहीर केलं. नवीन वर्षापासून फोटोमागचं काढून टाकायची सोय तिची स्वतःची, सगळ्या दुकानांना फुकट. खाली एक हसरं चित्र.

मी ते पान पुनःपुन्हा वाचलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणणार होते, पण बीळ तिचंच होतं. आम्हीच त्यात जाऊन बसलो होतो. पायाखालची वाळू सरकणं म्हणतात ते आज कळलं, कारण मी खरोखर खुर्ची घट्ट धरली होती.

पक्कडला फोन केला. तो शांत होता. म्हणाला, "होणारच होतं कधीतरी."

"तुला माहीत होतं?"

"अंदाज होता."

मागे लेक रडत होती. तो म्हणाला, बघू, करू काहीतरी. आधी असं काही झालं की तो तिथल्या तिथे फळ्यावर बाण काढायला लागायचा. आज म्हणाला, जरा हिला झोपवतो.

५ नोव्हेंबर

दुकानं सोडून चाललीत. लोक चांगले आहेत, निरोप घेऊन जातात. पिशव्यांच्या बाईंनी लिहिलं की तुमच्यामुळे माझं दुकान उभं राहिलं. किटल्यांच्या गृहस्थांनी लिहिलं की फुकट मिळणार आहे तर काय करणार, राग मानू नका. मी सगळ्यांना उत्तर दिलं की राग कसला. राग आहेच, पण तो कुणावर काढायचा ते कळत नाही. थोरलीला पत्र लिहिलं तर तिथला यंत्रमानव आभार मानतो.

मोजेवाल्या आजी मात्र आहेत तिथे आहेत. त्यांना सांगितलं, थोरलीकडे हे काम फुकट मिळणार आहे, तुम्हीही तिकडे गेलात तर हरकत नाही.

उत्तर आलं: "तेथे माणूस पाहतो का."

मी लिहिलं, "नाही."

"मग येथेच बरे. हल्ली उत्तरात शब्द कमी. तब्येत कशी आहे."

दिवसभरात मला कुणी विचारलेला तो एकच प्रश्न होता. "बरी आहे" एवढंच लिहिलं, आणि मग एक मोज्यांचा जोड विकत घ्यावा असं मनात आलं. दुकानात गेले तर 'माल संपला' अशी पाटी. घेतो तरी कोण हे मोजे?

१४ नोव्हेंबर

घरमालकीणबाई नळ दुरुस्त करून घ्यायला आल्या होत्या. खुर्चीवरच्या कपड्यांच्या ढिगाकडे बघून म्हणाल्या, "पाहुणे उठतील तेव्हा मला सांगा, चादर बदलून देते." तोंडाच्या फटकळ आहेत, पण आज त्या अर्धा तास थांबाव्यात असं मला वाटत होतं. नळ लगेच दुरुस्त झाला.

बाबांचा फोन हल्ली येत नाही. पूर्वी दिवसाआड यायचा. रमलेत वाटतं कशाततरी. बरंच आहे, माझ्याकडे सध्या सांगण्यासारखं काही नाही आणि ते 'कसं चाललंय' विचारतील ही धास्ती असते. एकुलती एक लेक चांगली सरकारी नोकरी सोडून स्वतःचा धंदा करते म्हणून त्यांनी तेव्हा कुणाकुणाला तोंड दिलंय. त्यांना कुठल्या तोंडाने सांगू की शेगडी विझली?

२२ नोव्हेंबर

पक्कड थोरलीकडे नोकरीला चाललाय. त्याच खात्यात. मागचं काढून टाकणाऱ्या.

पडद्यावर त्याने आज इस्त्रीचा शर्ट घातला होता, तेव्हाच मला समजायला हवं होतं. म्हणाला, "त्यांनी सप्टेंबरातच विचारलं होतं. तुला कसं सांगावं ते कळेना."

"म्हणजे वही लिही म्हणालास तेव्हा."

"तुझी सवय जरा सुटावी म्हणून म्हटलं गं. एकदम तुटलं असतं तर—"

मी कॅमेरा बंद केला. रडताना बघू द्यायचं नव्हतं. आवाज मात्र चालू राहिला होता हे नंतर कळलं. तो पलीकडे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "लेकीला सांभाळायचंय गं. नाहीतर मी तुझ्याबरोबर बुडालो असतो." हे तो मनापासून म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

१ डिसेंबर

त्याच्या खुर्चीवरचे कपडे घड्या घालून कपाटात ठेवले. खुर्ची अगदीच रिकामी दिसायला लागली, म्हणून मीच जाऊन तिच्यावर बसले. तिथून माझी खुर्ची रिकामी दिसते. काहीही केलं तरी एक रिकामी राहतेच.

आज घंटा एकदाच वाजली. आजी. एक टोपी, दोघांची डोकी मावतील एवढी. टोपीबद्दल काहीतरी लिहिलं आणि मग हात थांबेना. लिहिलं की इथलं काम बंद व्हायला आलंय, सोबतचा माणूस गेला, दिवस फार लांब वाटतात. पाठवल्यावर जीभ चावली. गिऱ्हाइकाला असं लिहितात का?

उत्तर यायला वेळ लागला. "वाचले. पुन्हा वाचले. येथे जागा आहे. टेबल आहे. वीज नीट आहे. दुपारी जरा झोपावे."

किती भला जीव. ओळख ना पाळख आणि जागा देऊ करतात. माझे बाबा असं कधी बोलले नसते. त्यांनी फार तर 'बघ बुवा' म्हटलं असतं. मी आजींचे आभार मानले आणि खरंच झोपले.

१० डिसेंबर

आज सगळ्या उरलेल्या दुकानांना शेवटचं पत्र पाठवलं. वर्षअखेर आम्ही बंद होतोय. थोरलीच्या नियमाप्रमाणे तुमचे मूळ फोटो आमच्याकडून कायमचे पुसले जातील. कुणाला परत हवे असतील तर कळवा, पाठवतो.

पक्कडने सकाळी मजकूर तपासून दिला. अजून देतो तेवढं. 'आमच्याकडून' ऐवजी 'माझ्याकडून' लिही म्हणाला. मी तसंच ठेवलं.

१२ डिसेंबर

मूळ फोटो कुणालाच नकोत. टॉवेल आणि पाय परत घेऊन काय करणार?

उत्तर फक्त आजींचं आलं: "मूळ आमच्याकडे आहेतच. ते तुझ्यासाठी होते."

आधी मला जरा विचित्र वाटलं. तीन महिन्यांत त्यांनी मला कधी अगं-तुगं केलं नव्हतं. मग मोजे माझ्यासाठी कसे, असा प्रश्न पडला. मग 'मूळ' हा शब्द पुन्हा वाचला आणि 'दोन सुया'चं मूळ फोटोंचं कपाट पहिल्यांदा उघडलं.

पहिला फोटो. पिवळा मोजा एका स्टुलावर. स्टूल ओळखीचं. त्याचा एक पाय आखूड आहे आणि त्याखाली पुठ्ठा घातलाय. तो पुठ्ठा मी घातला होता, दहावीत. मागे माझी खोली. माझ्या खोलीची ती निळी, ओल धरलेली भिंत, जिच्याबद्दल मी लहानपणी रोज कटकट करायची की मला पिवळी हवी.

दुसऱ्या फोटोत भिंत खरवडलेली. खाली वर्तमानपत्रं अंथरलेली.

तिसऱ्यात फिकट पिवळी. हा 'रंग बरा वाटतो का'चा फोटो. पुढच्यात तीच भिंत गडद पिवळी. गडद चालेल असं मी लिहिलं होतं. त्यांनी सगळी भिंत पुन्हा रंगवली होती. दोन हात दिले होते. मोजा दोन्हीत तोच होता.

मग आईची पलंगाची चादर. मग भिंतीवर प्लगांचं नवं खोकं, तारबाबूंच्या हातचं, वायरी शिस्तीत ठोकलेल्या. मग एक टेबल. टेबल खोलीच्या अगदी मधोमध, चारी बाजूंनी मोकळं, जेवायला पंगत बसवायची असावी तसं.

आणि मफलर. तो बाबांच्या गळ्यात होता. फोटो बाबांच्या शेजारी राहणाऱ्या काकूंच्या सुनेने काढला असावा, कारण बाबा सावधान उभे आहेत आणि कुठे बघायचं ते त्यांना कळत नाहीये. वाळलेत. दाढी वाढलीय. एक हात टेबलावर ठेवलाय, दुकानदार नवीन माल दाखवताना ठेवतो तसा. आणि तोंडभर हसताहेत. हाच फोटो मी पक्कडला पाठवून खो-खो हसले होते.



१३ डिसेंबर

सकाळी उठल्या उठल्या फोन केला. लगेच उचलला.

"बाबा, दोन सुया म्हणजे तुम्ही?"

"म्हणजे? दुसरं कोण?"

"मला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?"

"ते तुम्ही आहात ते. मी कुणी आजी समजत होते."

बाबा हसले. मी चेष्टा करतेय असं वाटलं त्यांना. "रोज तर बोलत होतो आपण. फोनवर तुला वेळ नसतो. तिथे तासाच्या आत उत्तर देतेस. शेजारची सून म्हणाली, काका, दुकानच काढा. आणि तूच म्हणालेलीस ना, सगळ्या पत्रांना मी स्वतः उत्तर देते म्हणून. आदरणीय ग्राहक म्हणायचीस, मला वाटायचं ठमी फिरकी घेतेय, म्हणून मीही 'तुम्ही' म्हणायचो."

ठमी म्हणजे मी. आईच्या मागे मला कुणी ठमी म्हटलं नव्हतं.

आता खोटं बोलले असते तर निभावलं असतं. पण तो मफलरचा फोटो समोर उघडा होता. म्हटलं, "बाबा, मी ते फोटो बघतच नव्हते. माणूस बघत नाही. प्रोग्रॅम बघतो आणि मागचं सगळं पुसून टाकतो. माझ्यापर्यंत नुसता मोजा यायचा."

"पण पानावर लिहिलंय."

"ते जुनं आहे. काढायचं राहिलं."

बाबा म्हणाले, "मग गडद कर म्हणालीस ते?"

"मोज्याचा रंग, बाबा."

"मोज्याचा रंग कोण विचारेल? आईची लोकर आहे, जी आहे ती आहे. आणि छान म्हणायचीस ते?"

"तेही मोज्यांनाच."

"मोजे कुठे छान होते? एक घालावा तर दुसऱ्यात दोन पाय मावतील." ते हसायला लागले आणि हसता हसता थांबले. "म्हणजे तीन महिने मी भिंतीशीच बोलत होतो म्हण."

त्या एका वाक्यापुढे थोरली, पक्कड, बंद पडलेला धंदा, सगळं कुठल्या कुठे गेलं. मी म्हटलं, "काल सगळे बघितले. एकेक. भिंत खूप छान झालीय, बाबा. मला अशीच हवी होती."

"माहीत आहे." मग म्हणाले, "टेबलाचं काय? मधोमध ठेव, तूच म्हणालीस. की तेही मोज्यालाच?"

"तेही मोज्यालाच."

"अरे देवा. रोज आपटतोय मी त्याच्यावर. गुडघा सुजलाय. थांब, आत्ता कडेला सरकवतो."

"नको!" मी ओरडलेच. "एकटे सरकवू नका. तसंच राहू द्या. मी येऊन सरकवते."

"कधी?"

"आज."

त्यांनी 'बघ बुवा' म्हटलं नाही. नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

मी कॉम्प्युटर बंद करायला गेले तेवढ्यात घंटा वाजली. दोन सुया. "फोन झाला. तरी लिहितो. जेवून निघावे."

तासाच्या आत उत्तर द्यायचं हा आमचा नियम आहे. वेळेत दिलं: "जेवले. निघाले."

या वेळी आधी जेवले आणि मग लिहिलं.